अख्ख्या ज्वारीचं सॅलड चिकट होऊ नये म्हणून

फाल्गुन-चैत्रात बाजारात सोलाणे, कांद्याची पात, कोवळी काकडी आणि पहिली कैरी एकदमच दिसतात. त्यात शिजवलेली अख्खी ज्वारी घातली की पोटभरीचं सॅलड होतं. अडतं ते ज्वारीपाशीच.

एक वाटी ज्वारी धुऊन रात्रभर, निदान आठ-दहा तास तरी भिजवा. हे टाळलंत तर दाणा शिजायला बराच जास्त वेळ लागतो, नाहीतर कचकचतोच. सकाळी ते पाणी टाकून तीन वाट्या ताजं पाणी आणि मीठ घाला. पाच-सहा शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करून पंधरा मिनिटं ठेवा. दाणा बोटांत दाबला जावा, पण फुटून पीठ होऊ नये. मग चाळणीत निथळून ताटात पसरा आणि वाफ जाऊ द्या. खरी मेख इथेच आहे: गरम ज्वारी भांड्यात तशीच झाकून ठेवली की तिचा गोळा होतो. निथळलेलं पाणी आमटीत चालतं.

कोमट असतानाच लिंबू, चमचाभर तेल आणि जिरेपूड चोळा, दाण्यात चव मुरते. गार झाल्यावर भाज्या, किसलेली कैरी, कोथिंबीर. कैरी आंबट असेल तर लिंबू कमीच. सोलाणे मी कच्चेच घालते. जून असतील तर दोन मिनिटं उकळून घ्या. काकडी मात्र वाढताना घाला, नाहीतर डब्यात पाणीच पाणी. वरून दाण्याचं कूट हवंच, निदान आमच्या घरी.