गाडीच्या कापडी सीटचा रंग बदलताना

बहुतेक सीटचं कापड पॉलिएस्टरचं असतं. सुती कपड्यांचा रंग त्यावर धरत नाही आणि पॉलिएस्टरच्या रंगाला जवळपास उकळतं पाणी लागतं, ते सीटवर शक्य नाही. म्हणून धाग्यावर बसणारा रंग घ्या: दोन भाग अ‍ॅक्रिलिक रंग, एक भाग फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर टिकावा आणि मऊ राहावा म्हणून त्यात मिसळायचं द्रावण), आणि मिश्रण दुधाइतकं पातळ होईल एवढंच पाणी. फिक्क्यावरून गडद करा. काळ्यावर बेज चढवायला थरांवर थर लागतात आणि सीट पुठ्ठ्यासारखी कडक होते.

आधी व्हॅक्यूम, मग शाम्पू. तेलकट डाग किंवा सीट पॉलिश राहिलं तर तिथला रंग हमखास निघतो. सीट पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात दोन दिवसही लागतात. बकल आणि प्लास्टिकला मास्किंग टेप लावा. सीटबेल्ट रंगवू नकाच. कडेला एअरबॅगची खूण असेल तर ती बाजू आणि तिची शिवण सोडून द्या.

सीटखालच्या कापडावर चाचणी घ्या. स्प्रे बाटलीने वीसेक सेंटिमीटरवरून पातळ हात मारा आणि ओलं असतानाच मऊ ब्रश फिरवा, म्हणजे धागे चिकटत नाहीत. हे टाळलं की कापड खरखरीत होतं. असे तीन हात, प्रत्येक वाळल्यावरच पुढचा.

शेवटी हेअर ड्रायरची ऊब द्या. इस्त्रीने आतला फोम बिघडू शकतो. तीन दिवसांनी ओला पांढरा रुमाल घासून बघा. रंग उतरला तर अजून बसू नका.