डेव्हनमध्ये बिऱ्हाड थाटताना

इंग्लंड म्हटले की पुण्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे लंडन येते. मात्र एक्सेटरच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला, किंवा २००३ पासून त्याच शहरात मुख्यालय असलेल्या ब्रिटिश हवामान खात्यात नोकरी लागलेला माणूस जातो तो डेव्हन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), आणि तिथे बिऱ्हाड थाटण्याची तयारी वेगळी करावी लागते. तीन वर्षे तिथे काढून मी कोथरूडला परतलो, तेव्हापासून दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारायला येते. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहीत आहे.

घर शोधताना भाड्याच्या आधी बसचे वेळापत्रक पाहावे. आठ-दहा मैलांवरच्या खेड्यातले दगडी घर छायाचित्रात देखणे दिसते, पण तिथून शेवटची बस पुष्कळदा संध्याकाळीच निघून जाते आणि रविवारी कित्येक ठिकाणी ती नसतेच. गाडी घेणार असाल, तर भारतीय परवाना तिथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतो हे ध्यानात ठेवून तिथल्या परीक्षेची तारीख वेळेत मागून ठेवावी. गाडी डावीकडूनच चालवायची असली, तरी डेव्हनच्या गल्लीवजा रस्त्यांची सवय व्हायला वेळ लागतो. दोन्ही बाजूंना डोक्याच्याही वर गेलेली झाडोऱ्याची कुंपणे आणि मध्ये एकाच गाडीपुरती वाट असते. समोरून ट्रॅक्टर आला की ज्याच्यामागे रुंद जागा जवळ असेल, त्याने मुकाट्याने मागे जायचे. हॉर्न वाजवायचा नाही. वाट मिळाली की स्टिअरिंगवरचे एक बोट उचलायचे, एवढ्यात आभार पोचतात.

घर पाहायला शक्यतो हिवाळ्यात जावे. डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, कपडे घरातच वाळत घालावे लागतात आणि ती सगळी ओल बाहेरच्या गार भिंतीवर जाऊन बसते. म्हणून कपाट थोडे पुढे ओढून त्याच्या मागे बुरशीचे काळे ठिपके आहेत का, ते निःसंकोच पाहावे. मी हे केले नाही, आणि आईने शिवून दिलेली गोधडी पहिल्याच जानेवारीत बुरशीने खाल्ली. दुसरा प्रश्न घर कशावर तापते हा विचारावा. अनेक खेड्यांत गॅसची पाइपलाइन नसते. परसात तेलाची टाकी असते आणि ती टँकर मागवून भरून घ्यावी लागते. टाकीचा काटा दर रविवारी पाहावा, कारण थंडीच्या लाटेत सगळे गाव एकदम तेल मागवते. आम्ही एकदा आठ दिवस स्वेटर घालून झोपलो.

अनामत रक्कम, वार्षिक भाडे ५०,००० पौंडांच्या आत असेल तर, पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि घरमालकाने ती ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवून तसे कळवावे लागते. कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर, बहुधा भाडेकरूनेच भरायचा असतो. त्याची श्रेणी घराच्या १९९१ सालच्या किमतीवरून ठरते. प्रौढ माणूस एकटाच राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते आणि घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो माफ होतो. कचरा उचलला नाही म्हणून काउंटी कौन्सिलकडे तक्रार करू नये. तिच्याकडे शाळा, ग्रंथालये आणि रस्ते असतात, तर कचरा सध्या शहराच्या किंवा तालुक्यासारख्या डिस्ट्रिक्टच्या कौन्सिलकडे असतो.

पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात जवळच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवावे. नोंदणीला पैसे पडत नाहीत. तातडीचे पण जिवावरचे नसेल तर १११, जिवावरचे असेल तर ९९९ लावावा. मतदारयादीतही नाव घालावे. तिथे रीतसर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलातला म्हणून संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. रविवारी मोठी दुकाने सहाच तास उघडी असतात. दुपारी एक ते चार बंद दुकानांची सवय असलेल्या पुणेकराने त्यावर फारसे बोलू नये.

स्वयंपाकघराची एक सूचना महत्त्वाची आहे. मोहरी तडतडण्याआधी खिडकी उघडावी आणि स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे, नाहीतर छताला लावलेला आगीची सूचना देणारा भोंगा फोडणीच्या धुराने घर डोक्यावर घेतो. तो काढून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. सामानात कुकरचे जादा रबर आणि गोडा मसाला न्यावा. तूप आणि पेढे नेऊ नयेत, कारण भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यास तिथे बंदी आहे. तुपाची चिंताही नको. डेव्हन दुधदुभत्याचाच मुलूख आहे. बिनमिठाचे लोणी पाहून घ्यावे, मंद आचेवर कढवावे, बेरी तांबूस झाली की उतरवावे, आणि तेवढा वेळ खिडकी उघडीच ठेवावी.