खांद्याच्या रोटेटर कफसाठी शस्त्रक्रिया की व्यायाम: निर्णय घेताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ऊसतोड करणारे, वडगाव-शहापूरच्या यंत्रमागावर राबणारे किंवा डोक्यावर ओझे वाहणारे अनेक जण हात वर जाईनासा झाला की मालीश करून घेतात आणि त्याने गुण आला नाही की थेट ‘ऑपरेशन लागेल का’ असे विचारतात. मात्र खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरांपैकी (स्नायू हाडाला जोडणाऱ्या या दोरांनाच रोटेटर कफ म्हणतात) कोणती, किती आणि कशी फाटली आहे हे कळल्याशिवाय या प्रश्नाला अर्थ नाही. मधुमेहींमध्ये तर अनेकदा फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा असतो. त्यात दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही आणि उपचारही वेगळे असतात.

एमआरआयच्या अहवालावरच निर्णय घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. साठी ओलांडलेल्या कितीतरी लोकांची कंडरा फाटलेली असते, तरी त्यांना काहीच दुखत नाही. हळूहळू झिजून पूर्ण फाटलेल्या कंडरेच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे १२ आठवडे ठरावीक व्यायाम दिले गेले आणि त्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश जणांना २ वर्षांपर्यंत शस्त्रक्रिया लागली नाही. आपल्याकडे मात्र आठवडाभर व्यायाम करून ‘फिजिओथेरपीने काही झाले नाही’ असे म्हणणारेच अधिक भेटतात.

याउलट, दुचाकीवरून पडल्यावर किंवा झटक्याने पोते उचलल्यावर अचानक हात लुळा पडला असेल, तर व्यायामाच्या भरवशावर महिने घालवू नयेत, कारण फाटलेली कंडरा मागे आकसत जाते, स्नायूत चरबी साठते आणि मग टाके घालूनही ताकद परत येईलच असे नाही. अशा दुखापतीत काही आठवड्यांच्या आतच अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो, पण फाटलेला भाग जुळत नाही. वारंवार घेतल्यास कंडरा कमकुवत होऊ शकते, आणि शस्त्रक्रियेच्या आधीच्या महिन्यात घेतल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून आधी घेतलेली इंजेक्शने शल्यचिकित्सकाला तारखेसह सांगावीत.

कंडरा पूर्ण फाटलेली नसताना केवळ कंडरेवरचे हाड घासून तिच्यासाठी जागा मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेचा आग्रह मला पटत नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत अशी शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि नुसती दुर्बीण घालून पाहिलेल्यांना मिळालेला आराम जवळजवळ सारखाच होता.

कंडरा शिवायचे ठरलेच, तर पुढचे महिने आधी मोजावेत. साधारण ४ ते ६ आठवडे हात झोळीत राहतो आणि जड कामाला बहुधा ४ ते ६ महिने लागतात. तंबाखू आणि विडी-सिगारेट बंद न केल्यास टाके नीट जुळत नाहीत, हे निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात मुद्दाम सांगावे लागते. ऊसतोडीच्या हंगामाच्या तोंडावर तारीख घेऊन महिन्याभरात कोयता हाती धरणाऱ्याची कंडरा पुन्हा फाटण्याची भीती असते, म्हणून घरातील कामाची सोय लावूनच तारीख ठरवावी.