ताडपत्री उन्हाने विरू नये म्हणून: छपरावर छप्पर कसं बांधावं

ताडपत्री फाटली की सगळे वाऱ्याला शिव्या घालतात. वारा बिचारा शेवटचा धक्का देतो, कापड त्याआधीच उन्हाने पोखरलेलं असतं. माझी पहिली चांगली ताडपत्री तिसऱ्या लांब मुक्कामात गेली. तोवर तिने सगळे मिळून अडीच-तीन महिने दिवसभराचं ऊन खाल्लं होतं. त्या रात्री वारा म्हणावा तर नुसती झुळूक होती. माथ्यावरच्या आडव्या दोरीलगत टर्रकन चीर गेली. सकाळी तेच कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढलं, तर जुन्या वर्तमानपत्रासारखं फाटत गेलं. दोरीवर दुमडलेल्या भागाखालचं, सावलीतलं कापड मात्र ठणठणीत.

खाल्लेलं ऊन परत निघत नाही. ते प्रत्येक सहलीत जमा होत जातं. त्यामुळे 'आता यावर काय लावू?' हा प्रश्न मागाहून. आधी उन्हातले तास कमी करा.

कापड ओळखा. पातळ नायलॉन उन्हाला सगळ्यात हळवं. पॉलिस्टर त्यापेक्षा बरंच टिकतं आणि ओलं झालं तरी फारसं सैल पडत नाही, म्हणून लांबच्या मुक्कामाला मी पॉलिस्टरच नेतो. विणलेल्या प्लास्टिकच्या ताडपत्रीत काळी घ्या. तिच्यातली काजळी अतिनील किरण स्वतः शोषते. काळी तापते हे खरं, पण टिकते. बोटाला पांढरी भुकटी लागायला लागली की समजा, तिचे दिवस भरले.

जागा. दहा ते दोनच्या दरम्यान सावली पडेल अशी शोधा. दिवसभरातल्या अतिनील किरणांपैकी निम्म्याहून जास्त या चार तासांत येतात, सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हाची एवढी धास्ती नको. झाडाखाली बांधताना वर वाळकी फांदी नाही ना, ते पाहा. ढगांवर विसंबू नका, पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत किरण खाली येतात. दर हजार मीटर उंचीमागे ते साधारण १० टक्क्यांनी वाढतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरण उलटे फेकतो, म्हणजे तिथे ताडपत्री खालूनही भाजते.

रोज मुक्काम हलत असेल तर पुढचं काही वाचू नका. सकाळी उठल्या उठल्या ताडपत्री उतरवा, झटका, पिशवीत घाला. चहा नंतर.

एकाच जागी आठवडाभर किंवा जास्त राहणार असाल तर दुसरं छप्पर बांधा. माझी खरी फजिती इथेच झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

'वरून एक स्वस्त ताडपत्री टाकून द्या' हा सल्ला सगळीकडे मिळतो. मीही टाकली, चांगलीच्या थेट अंगावर. चार दिवसांत मधे धूळ आणि बारीक रेती शिरली. वाऱ्याने दोन्ही कापडं एकमेकांवर घासत राहिली आणि खालच्या ताडपत्रीचं जलरोधक अस्तर पट्ट्यापट्ट्यांनी निघून गेलं. उन्हापासून वाचवायला गेलो आणि पॉलिश पेपरने घासून ठेवली. पुढच्या वेळी मधे अंतर ठेवलं, पण वर पुन्हा अखंड कापडच. ते शिडासारखं फुगलं आणि मध्यरात्री खुंट्या उपटून घेऊन गेलं.

तेव्हापासून मी वर फक्त शेडनेट बांधतो, रोपवाटिकेत असते तीच जाळी. ७५ टक्क्यांची घ्या. ती उन्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अडवते, आणि वारा तिच्यातून निघून जातो. ९० टक्क्यांचा मोह नको, ती वारा धरते. पाठीवर न्यायची असेल तर हे ओझं परवडणार नाही, गाडीने जाणाऱ्यांनी मात्र कारणं सांगू नयेत.

जाळीसाठी वेगळी आडवी दोरी लागते, ताडपत्रीच्या दोरीच्या वर एक वीत ते एक हात. वितीपेक्षा कमी ठेवलीत तर वाऱ्यात जाळी खाली टेकणार आणि घासणार. हातापेक्षा जास्त ठेवलीत तर सावली निसटते. सूर्य ४५ अंशांवर असताना जेवढं अंतर वर, तेवढीच सावली बाजूला सरकते, आणि सूर्य खाली उतरेल तशी आणखी. म्हणून जाळी ताडपत्रीपेक्षा पूर्वेला आणि पश्चिमेला निदान हातभर जास्त हवी. ज्या दिशेला सूर्य कललेला असतो, तिकडे थोडी आणखी. पहिल्या दिवशी दहा, बारा आणि दोनला बाहेर येऊन सावली कुठे पडते ते बघा. हा उद्योग एकदाच करायचा आहे, पण तो टाळून चालत नाही.

जाळीला कड्या नसतात. कोपऱ्याला भोक पाडून दोरी ओवू नका, संध्याकाळपर्यंत ते भोक मुठीएवढं होतं. सुपारीएवढा गुळगुळीत गोटा घ्या. कोपऱ्यापासून चार बोटं आत, जाळीच्या दुहेरी घडीत तो धरा, पुरचुंडी करा आणि तिच्या मानेशी दोरीचा फास आवळा. जेवढं ओढाल तेवढा फास घट्ट बसतो, आणि जाळीचा एक धागाही तुटत नाही. लांब बाजूंवर दर मीटरभराने अशीच एक पुरचुंडी.

आता खुंट्या. जाळीच्या खुंट्या वेगळ्या ठोका, ताडपत्रीच्या खुंट्यांना हात लावू नका. 'चार खुंट्या वाचतात' म्हणून मी एकदा दोन्ही दोऱ्या एकाच खुंटीला बांधल्या होत्या. जाळीवर आलेला प्रत्येक झोत ताडपत्रीचे कोपरे हिसकत होता, आणि तिसऱ्या दिवशी एका कडीभोवतीची शिवण उसवली. वादळाची चिन्हं दिसली तर आधी जाळी उतरवा. वेगळ्या खुंट्या असल्या की दोन मिनिटांचं काम.

ताण. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं आणि वाळलं की आखडतं. पहाटेच्या दवात ओढून बांधलेली ताडपत्री दुपारी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली असते, आणि उन्हाने कमजोर झालेला धागा ताणाखाली आधी तुटतो. म्हणून वाळल्यावर दोऱ्या जरा सैल करा. अगदी ढिली सोडू नका, फडफडणारं कापडही झिजतं.

दर चार-पाच दिवसांनी ताडपत्री फिरवा, म्हणजे उन्हाकडची बाजू सावलीकडे जाईल. माथ्याच्या दोरीवर येणारी रेघही वीतभर सरकवा, नाहीतर चीर तिथेच जाणार.

फवारे. ऊनरोधक फवारा म्हणजे जादू नाही. स्वच्छ कापडावर मारला तर थोडा उपयोग होतो. तो हळूहळू निघून जातो, त्यामुळे पुन्हा पुन्हा मारावा लागतो. सिलिकॉनचं अस्तर असेल तर त्यावरून थेंब थेंब ओघळतो आणि पैसे जमिनीत जातात. मळक्या कापडावर मारणं म्हणजे धूळ चिकटवून ठेवणं. मी जाळी बांधतो तेव्हा फवारा मारतच नाही.

धुणं आणि ठेवणं. कोमट पाणी, मऊ स्पंज, बस्स. वॉशिंग मशीन नको, कपड्यांची पावडर नको. सावलीत पूर्ण वाळवा. 'कडक उन्हात वाळत घाला' म्हणणाऱ्याला आपण एवढा वेळ काय करत होतो ते सांगा. ओलसर गुंडाळली तर पॉलीयुरेथेनचं (एक प्रकारचं प्लास्टिक) जलरोधक अस्तर चिकट होतं, त्याला आंबूस वास येतो आणि मग ते सोलून निघतं.

निघण्याआधीची परीक्षा. माथ्याची रेघ आणि कड्यांभोवतीची जागा, जिथे सर्वात जास्त ऊन आणि ताण पडतो, तिथे कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून जोर लावून ओढा. धागे कुरकुरले, वीण सरकली किंवा रंग आतल्या घडीपेक्षा फारच उडालेला दिसला, तर ती ताडपत्री मुक्कामाला नेऊ नका. घरीच फाटली तर उत्तम. चांगले उरलेले तुकडे कापून ठिगळांसाठी ठेवा, बाकीची जमिनीवर अंथरायला.