तालुक्याच्या तहसील कार्यालयाचा आराखडा कसा करावा

तहसील कार्यालयाचा आराखडा तहसीलदारांच्या दालनापासून सुरू करू नये. सकाळच्या पहिल्या एसटीने दाखल्यासाठी आलेला माणूस फाटकातून जिथे आत शिरतो, तिथून करावा. त्यासाठी आधी एखाद्या चालू कार्यालयात आठवडी बाजाराचा संपूर्ण दिवस काढावा आणि अर्ज लिहून देणारे कोणत्या झाडाखाली टेबल मांडतात, फेरफाराच्या सुनावणीला आलेले दोन्ही पक्ष कुठे ताटकळतात, हे टिपून घ्यावे. नकाशात या मंडळींना जागा दिली नाही तर ती जिन्यावर बसणारच. म्हणून झाड राखून त्याभोवती ओटा आणि इमारतीला ऐसपैस पडवी द्यावी.

सेतू केंद्र, आवक-जावक आणि संजय गांधी निराधार योजनेचा कक्ष तळमजल्यावरच हवा, कारण तिथे येणाऱ्यांत वृद्ध, अपंग आणि विधवा अधिक असतात. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. जोते ६०० मिलिमीटर उंच असेल तर नुसत्या उताराला ७.२ मीटर लांबी लागते आणि सपाट टप्पे वेगळे; ही जागा सुरुवातीलाच राखली नाही, तर रॅम्प शेवटी कोपऱ्यात कोंबला जातो आणि चढण्याजोगा राहत नाही. खिडक्यांचेही तसेच आहे. काचेतल्या छोट्या भोकाशी कान नेऊन, एका हाताने कागदांची पिशवी सावरत वाकलेली म्हातारी मी अनेकदा पाहिली आहे आणि दर वेळी वाईट वाटले आहे. काउंटर सुमारे ७५० मिलिमीटर उंचीचा, उघडा आणि समोर खुर्ची असलेला करावा.

सर्वाधिक विचार अभिलेख कक्षाचा करावा. रुमालात बांधलेली दप्तरे अतिशय जड असतात. भारतीय मानकानुसार साठवणीची वेगळी सोय असलेल्या कार्यालयीन खोलीसाठी चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन (म्हणजे सुमारे २५० किलो वजनाइतका) भार धरतात, तर अभिलेखांसाठी ५. त्यामुळे वरच्या मजल्यावरची रिकामी खोली नंतर अभिलेखांना देणे धोक्याचे असते. या कक्षाच्या वर किंवा भिंतीला लागून स्वच्छतागृह नसावे, हवा आरपार खेळावी आणि मांडण्या भिंतीपासून सुटया ठेवाव्यात. नदीकाठच्या गावात मात्र तळमजला टाळून, हा भार मुळातच हिशेबात धरलेला वरचा मजला द्यावा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये पाणी कुठवर चढले होते, ते तिथल्या भिंतींवर दिसत होते. जोत्याची उंची ठरवण्यापूर्वी गावातली अशी खूण स्वतः जाऊन मोजावी.