फ्यूज बदलण्याआधी सिरीज बल्ब लावा
गणपती जवळ आले की सांगलीत मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावरून उतरतात आणि चालू करताच फ्यूज उडतो. तिथे तांब्याची तार गुंडाळू नका, ट्रान्सफॉर्मर जळेल. स्पीकर काढा, मेन लाइनमध्ये, उडालेल्या फ्यूजच्या जागी, १०० वॉटचा जुना पिवळा (तारेचा) बल्ब सिरीज लावा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची वीज बल्बमधूनच जाईल. एलईडीचा इथे उपयोग नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भक्क पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. प्लग काढून, मोठे कॅपॅसिटर डिस्चार्ज करून (त्यांत साठलेली वीज उतरवून) सगळ्या चॅनेलचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या वेगवेगळ्या भागांचा, सप्लाय सोडवा. मग एकेक जोडत चला, दरवेळी प्लग काढून आणि कॅपॅसिटर डिस्चार्ज करूनच. ज्याला बल्ब भडकतो, त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारे) मीटरवर तपासा. बहुतेकदा त्यांच्या कलेक्टर आणि एमिटर या दोन पायांत शॉर्ट सापडतो. सगळे सोडवूनही बल्ब पेटतोय? मग आधी ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) बघा.