एन स्केलचे रूळ हाताने टाकायचे तर सुरुवात कशी करायची

मॉडेल रेल्वेतलं एन स्केल म्हणजे खऱ्याच्या 1:160 आकाराची छोटी गाडी, दोन रुळांमध्ये अंतर फक्त 9 मिमी, त्यामुळे इतक्या बारीक कामात हाताने रूळ टाकणं जमणारच नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. जमतं. आणि दिसायला फरक जबरदस्त पडतो, कारण रेडिमेड ट्रॅकमधला कोड 80 रूळ (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) साधारण 2 मिमी उंच असतो, त्याला 160 ने गुणलं तर सव्वातीनशे मिमी होतात आणि खऱ्या लाइनवरचा मीटरला 60 किलो वजनाचा रूळ असतो फक्त 172 मिमी! कोड 55 बराच बरा दिसतो, कोड 40 तर जवळपास बरोब्बर, पण जुन्या डब्यांच्या चाकांच्या कडा खोल असतात, त्या कोड 40 वर आतल्या बाजूच्या सोल्डरला घासतात, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने कोड 55 च घ्यावा असं माझं मत.

या स्केलला खिळे ठोकत बसू नका, खिळ्याचं डोकंच रुळापेक्षा मोठं दिसतं. तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाच्या) पट्ट्यांचे स्लीपर घ्या आणि रूळ त्यावर सोल्डर करा. साध्या लाइनवर दर चार-पाच स्लीपरमागे एक पीसीबीचा पुरतो, मधले लाकडाचे चिकटवा, पण उंची सगळ्यांची सारखी हवी. प्रत्येक पीसीबी स्लीपरवरचं तांबं मधोमध कानशीने कापायचं, नाहीतर इंजिनाला वीज देणारे दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जाऊन शॉर्ट होणार. हे रूळ लावायच्या आधीच करा आणि मल्टीमीटर लावून बघा, नंतर शोधत बसणं फार जिवावर येतं.

सोल्डरिंगला छिन्नीसारखं चपटं टोक लावा, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) लावा, सोल्डर अगदी थोडं, आणि टोक रुळाच्या बाहेरच्या बाजूनेच टेकवा म्हणजे आतली कड स्वच्छ राहते. आधी एक रूळ पूर्ण लावायचा, डोळा रुळाच्या पातळीला आणून लांबून बघायचं, वाकडेपणा असेल तर इथेच दिसतो, मग गेज (रुळांमधलं अंतर बरोबर धरणारं माप) ठेवून दुसरा. एका टोकाकडून सरळ सोल्डर करत जाऊ नका, रूळ तापून लांबतो आणि थंड झाला की ओढला जातो, एक टाका इथे, एक तिकडे असं करा. वळणावर तीन पायांचा गेज वापरायचा, दोन पाय बाहेरच्या रुळावर, म्हणजे अंतर आपोआप किंचित वाढतं आणि लांब इंजिन अडकत नाही.

खरी मजा सांध्यात (गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळते त्या जागी) आहे, आणि तिथे सोल्डरपेक्षा कानशीचं काम जास्त. सांध्याचं टेम्प्लेट (आराखडा) मॉडेलच्याच मापात, 1:1 प्रिंट करून त्यावर दोन बाजूंच्या टेपने स्लीपर चिकटवा. बाहेरचा सरळ रूळ आधी, मग फ्रॉग, म्हणजे दोन लाइनींचे रूळ एकमेकांना छेदतात तो व्ही आकाराचा भाग. नंबर 6 चा फ्रॉग म्हणजे 6 मिमी पुढे गेल्यावर 1 मिमी फाकतो, साधारण साडेनऊ अंश, दोन रूळ त्या कोनात घासून टोकाला जोडायचे. बाकीचं सगळं फ्रॉगवरूनच मोजलं जातं म्हणून इथे घाई अजिबात नको. हलणाऱ्या जिभेचं (गाडीला या किंवा त्या लाइनवर वळवणाऱ्या रुळाचं) टोक इतकं पातळ घासा की बाहेरच्या रुळाला लावल्यावर नखाला पायरी लागायला नको, आणि त्या बाहेरच्या रुळाचा आतला पायही तेवढ्या भागात घासून काढा, तरच जीभ नीट बसते. फ्रॉग दोन्हीकडून कापून इन्सुलेट करायचा, त्याला वेगळी वायर आणि सांधा बदलेल तशी पोलॅरिटी (विजेची अधिक-उणे बाजू) बदलणारा स्विच, मग छोटी इंजिनंसुद्धा तिथे थांबत नाहीत. गार्ड रेल (फ्रॉगसमोर चाक योग्य वाटेने नेणारा जादा तुकडा) शेवटी.

इंजिन चालवायच्या आधी एक मोकळा डबा बोटाने ढकलून दोन्ही दिशांनी, दोन्ही बाजूंना सोडून बघा, कुठे टक् लागलं तर तिथेच गेज लावा. ॲसिड फ्लक्स वापरला असेल तर पाण्याने ब्रश मारून धुवा, नाहीतर काही दिवसांनी हिरवट डाग येतात. रंग यानंतर, आणि खडी टाकताना जिभेच्या खालून गोंद जाणार नाही एवढं बघा.